परिसर असुरक्षित असल्यामुळे लॉक-इन काळात भाड्याचे घर सोडता येते का?

रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार. पुण्याच्या पूर्वेकडील एका उपनगरात मी आणि माझी आई भाड्याने राहतो. करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा असून तो ऑनलाइन नोंदवलेला आहे. भाडे दरमहा १८,००० रुपये आणि अनामत ५४,००० रुपये आहे. सध्या तिसरा महिना चालू आहे आणि करारात पहिल्या सहा महिन्यांचे लॉक-इन आहे.

गेल्या महिन्यात मध्यरात्रीनंतर कोयते घेतलेल्या मुलांच्या टोळक्याने आमच्या गल्लीत धुडगूस घातला. रस्त्यावर लावलेल्या रिक्षांच्या आणि मोटारींच्या काचा फोडल्या, दुचाकींच्या सीटा फाडल्या, आणि खिडकीतून कोणी डोकावले की त्या दिशेने दगड भिरकावले. त्या प्रकरणी गुन्हा दाखल झाल्याचे शेजारी सांगतात. तेवढ्यावर कदाचित आम्ही निभावून नेले असते. परंतु माझी पाळी रात्री साडेदहाला संपते, कंपनीची बस मला मुख्य रस्त्यावर सोडते आणि तेथून गल्लीतून चालत यावे लागते. अलीकडे दोन मुले आपल्या दुचाकीचे इंजिन बंद करून, ती हाताने ढकलत, माझ्या मागोमाग थेट इमारतीच्या फाटकापर्यंत आली. त्याच आठवड्यात हाच प्रकार पुन्हा घडला. इमारतीला रखवालदार नाही, जिन्यातला दिवा आम्ही राहायला आल्यापासून बंद आहे आणि तळमजल्यावरच्या सरकत्या लोखंडी दाराची कडी वाकलेली असल्यामुळे त्याला कुलूप लागत नाही.

घरमालकांना हे सर्व फोनवर सांगितले. त्यांचे म्हणणे असे की परिसराची जबाबदारी त्यांची नाही आणि मी आता घर सोडले तर लॉक-इनचे उरलेले भाडे ते अनामतीतून वळते करून घेतील. करारातील कलम जसेच्या तसे देत आहे:

"सदर करारनाम्यातील पहिले सहा महिने लॉक-इन कालावधी राहील. या कालावधीत लायसेन्सी यांनी जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे संपूर्ण भाडे लायसेन्सर यांना देणे लायसेन्सी यांचेवर बंधनकारक राहील. त्यानंतर उभय पक्षांस एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन करार संपुष्टात आणता येईल."

परिसर असुरक्षित आहे या कारणावर मला कायद्याने घर सोडता येते का, आणि सोडल्यास मालकांना पूर्ण रक्कम कापून घेता येते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. मैत्रीण सुचवते की आपणच दुसरा भाडेकरू शोधून द्यावा. तसे केल्यास मी ज्या कारणासाठी घर सोडते आहे ते कारण त्या माणसाला सांगावे की नाही, याबद्दलही आपले मत कळवावे.

दस्तऐवज

मी पुण्यात वकिली करतो आणि भाडेकरारांची कामे नेहमी पाहतो. केवळ परिसर असुरक्षित आहे, या कारणावर लॉक-इन आपोआप रद्द होईल असे कलम आपल्याकडील कायद्यात नाही. घर सोडण्यापासून मात्र तुम्हाला कोणीही अडवू शकत नाही. त्यामुळे घर सोडता येते की नाही, यापेक्षा सोडल्यावर किती पैसे द्यावे लागतील हाच वादाचा विषय आहे.

तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये सांगितलेल्या परवान्याच्या, म्हणजे जागा वापरण्याच्या केवळ परवानगीच्या स्वरूपाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर किंवा जमावाची हिंसा यांमुळे जागा कायमची निरुपयोगी झाल्यास भाडेपट्टा रद्द ठरवण्याची मुभा भाडेकरूला दिलेली आहे आणि समाजमाध्यमांवर अनेक जण ती मोठ्या विश्वासाने पुढे ढकलत असतात. एक तर ती तरतूद भाडेपट्ट्यासाठी आहे, परवान्यासाठी नाही. शिवाय गल्लीतल्या गाड्या फुटल्या म्हणून तुमचे घर राहण्यास कायमचे निरुपयोगी झाले, असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. करार पाळणे अशक्य झाल्यास तो रद्द ठरवणाऱ्या करार अधिनियमाच्या कलम ५६ चेही तसेच आहे. करार पाळणे त्रासाचे झाले म्हणजे अशक्य झाले असे होत नाही.

तुमच्या कामाची तरतूद करार अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये आहे. करार मोडल्यास द्यावयाची रक्कम करारात आधीच लिहून ठेवलेली असली, तरी समोरच्या पक्षाला त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कलम ७४ खाली भरपाई मागण्यासाठी मुळात नुकसान झालेले असले पाहिजे. त्याला जोडून कलम ७३ चे स्पष्टीकरण वाचावे: नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते, हेही विचारात घेतले जाते.

हे तुमच्या आकड्यांवर लावून पाहू. आज लेखी सूचना देऊन चौथा महिना संपताना तुम्ही घर रिकामे केले, तर लॉक-इनचे दोन महिने, म्हणजे ३६,००० रुपये उरतात. घर पंधरा दिवसांत दुसऱ्याला भाड्याने गेले, तर मालकांचे खरे नुकसान म्हणजे अर्ध्या महिन्याचे भाडे, नव्या कराराच्या नोंदणीचा खर्च आणि द्यावी लागलीच तर दलाली. तुमच्याकडून पूर्ण ३६,००० घ्यायचे आणि त्याच काळाचे भाडे नव्या भाडेकरूकडूनही घ्यायचे, हे कायद्याला मान्य नाही. याउलट प्रयत्न करूनही घर दोन्ही महिने रिकामे राहिले, तर मालकांची बाजू बळकट होते, हेही लक्षात ठेवावे.

जिन्यातला दिवा आणि तळमजल्याचे दार या दोन बाबी गल्लीतल्या घटनेपासून वेगळ्या ठेवा. रस्त्यावरच्या गुंडगिरीबद्दल मालकांना जबाबदार धरता येणार नाही. परंतु इमारतीचे दार बंद होत नाही हे लेखी कळवूनही मालकांनी आणि सोसायटीने काही केले नाही, असे दाखवता आले तर भरपाईच्या वाटाघाटीत तुमचे पारडे जड होते. फोनवरच्या बोलण्याचा येथे उपयोग नाही. आजच ईमेल करा आणि फोटो जोडा.

मालकांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ चा धाक घातल्यास घाबरू नये. दुप्पट भाड्याची ती तरतूद मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यांसाठी आहे, मुदतीआधी जाणाऱ्यांसाठी नाही.

पेठकर

वकीलसाहेबांचे विवेचन उत्तम आहे, पण व्यवहारात अनामत ज्याच्या हातात तोच वरचढ असतो. ५४,००० रुपये परत मिळवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या कोण झिजवणार? ताई, मी तुमच्या जागी असतो तर या महिन्यापासून भाडे देणे बंद केले असते, अनामतीतून तीन महिने वळते करून घ्या असे मालकांना कळवले असते आणि निघून गेलो असतो.

दस्तऐवज

पेठकर यांची व्यवहाराची जाण मला मान्य आहे, सल्ला मान्य नाही. अनामत ही भाड्याची आगाऊ रक्कम नसते आणि बहुतेक करारांत तसे स्पष्ट लिहिलेलेही असते. भाडे थांबवल्याबरोबर करार मोडणारा पक्ष तुम्ही ठरता. आज सुरक्षिततेची लेखी तक्रार करणारी आणि नियमित भाडे भरणारी भाडेकरू अशी तुमची जी प्रतिमा आहे, ती उद्या थकबाकीदाराची होते. शिवाय वीजबिल, मोडतोड आणि रंगकाम यांचा हिशेब करायला मालकांच्या हाती अनामत उरत नाही, त्यामुळे ते सामान बाहेर नेताना अडवणूक करतात. प्रत्यक्षात भांडणे होतात ती टेम्पो दारात उभा असताना.

न्यायालयाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या न्यायालयात आहे आणि दावा दाखल करण्यापूर्वीच्या टप्प्यावरही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. लोकअदालतीच्या नोटिशीचा कागद हाती पडला की पुष्कळ मालक हिशेबाला बसतात, असा माझा अनुभव आहे.

दोनखोल्या

मी स्वतः घरमालक आहे. माझे एक छोटे घर भाड्याने दिलेले असून त्याच्या भाड्यातूनच त्याचा कर्जाचा हप्ता जातो, त्यामुळे येथे मालकांची बाजू मांडणे मला भाग आहे. लॉक-इन ही काही केवळ मालकांची हाव नसते. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामे राहिले की भाडे बुडते, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र खिशातून भरावा लागतो, आणि पुन्हा एजंट, रंगकाम व नोंदणीचा खर्च उभा राहतो. सहसा हे कलम दोघांनाही बांधून ठेवते. मालकालाही सहा महिने भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. तुमच्या करारातील वाक्यरचना मात्र भाडेकरूवरच दंड लादणारी आहे आणि ती मलाही एकतर्फी वाटते.

माझ्यासारख्या मालकाला पटेल असा मार्ग सांगतो. फोनवर भांडण्यापेक्षा आईंना बरोबर घेऊन मालकांना प्रत्यक्ष भेटा आणि त्या गल्लीतून रात्री अकराला चालत येण्याचा प्रसंग शांतपणे सांगा. मालक बहुधा दुसरीकडे राहतात आणि आपले घर त्यांनी त्या वेळी कधी पाहिलेले नसते. त्यानंतर तुमच्याकडून काय देता येईल ते स्वतःहून मांडा: एक महिन्याची पूर्ण सूचना, त्या काळातले भाडे वेळेवर, इच्छुकांना घर दाखवण्याची तयारी आणि नवीन भाडेकरू शोधण्यास मदत. तडजोड म्हणून एका महिन्याचे भाडे सोडून उरलेली अनामत परत मागा. माझ्यापुढे असा प्रस्ताव आला तर मी नाही म्हणणार नाही. मात्र सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "हा भाग राहण्यालायक नाही" असे लिहून टाकलेत, तर तोच मालक आकड्यावर अडून बसेल, कारण पुढचा भाडेकरू त्याच गटातल्या कोणाकडून तरी चौकशी करत असतो.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. नव्या माणसाला अवश्य सांगावे. मालक म्हणून माझे हे म्हणणे विचित्र वाटेल, पण त्यामागे स्वार्थही आहे: न सांगता आलेला भाडेकरू दोन महिन्यांत पुन्हा जातो आणि मी पुन्हा रिकाम्या घरासमोर उभा राहतो. ज्याची नोकरी दिवसाची आहे, ज्याच्याकडे फाटकाच्या आत लावायला गाडी आहे किंवा जो त्याच भागात वाढलेला आहे, अशा कुटुंबाला हेच घर सोयीचे वाटू शकते. एकटीने रात्री उशिरा येणाऱ्या दुसऱ्या मुलीला मात्र ते गळ्यात मारू नये.

खाकी

पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. वर सर्वांनी पुरावा लेखी ठेवण्याविषयी लिहिले आहे, म्हणून पोलीस ठाण्याच्या बाजूने काय होते ते सांगतो.

गल्लीतल्या तोडफोडीचा गुन्हा दाखल झाला असेल, तर त्याची प्रथम खबर (एफआयआर) शेजाऱ्यांकडे मागत बसू नका. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संवेदनशील प्रकरणे वगळता सर्व प्रथम खबरी संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले आणि महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर "प्रकाशित एफआयआर" या ठिकाणी त्या पाहता येतात. जिल्हा किंवा आयुक्तालय, पोलीस ठाणे आणि तारीख एवढी माहिती दिली की यादी उघडते. त्या प्रतीवर घटनास्थळ लिहिलेले असते. मालकांशी बोलताना "शेजारी सांगतात" यापेक्षा त्या कागदाचे वजन वेगळे पडते.

दुचाकी ढकलत मागे येणाऱ्या मुलांविषयी तुम्ही अजून तक्रार दिलेली नाही असे दिसते. घर सोडायचेच आहे तर तक्रार कशाला, असा विचार करू नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा आवक शिक्का आणि तारीख घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीचा पाठलाग करणे हा गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. मात्र त्या कलमात नुसते मागे येण्याबरोबरच संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे आणि नापसंती दिसूनही ते पुन्हा पुन्हा करणे, या गोष्टी लागतात. ते काही बोलले का, त्यांनी वाट अडवली का, दुसऱ्या वेळी तीच मुले होती का, हे जसे घडले तसे लिहावे. कोणते कलम लागते ते ठरवणे पोलिसांचे काम आहे. पदरचे काही घालू नये. फिर्यादीत अतिशयोक्ती आली की खरा भागही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

पुन्हा तसे झाले तर घरी पोहोचल्यावर नव्हे, त्याच क्षणी ११२ क्रमांकावर फोन करा. वेळेसह नोंद राहते आणि गस्तीची गाडी त्या गल्लीत येऊन जाते. महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या दामिनी पथकाची गस्त बसच्या वेळेला ठेवावी, अशी लेखी विनंतीही ठाण्यात देता येते. गुन्हा घडण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक. तुमची पाळी साडेदहाला संपते आणि कंपनी तुम्हाला मुख्य रस्त्यावर सोडते, हेच मुळात चुकीचे आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या कलम १३ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे असेल तर त्यांची संमती, पुरेसे संरक्षण आणि कामाच्या ठिकाणापासून राहत्या घराच्या दारापर्यंत वाहन या अटी आहेत. ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो कायदा लागू आहे. मुख्य रस्ता म्हणजे दार नव्हे. मनुष्यबळ विभागाला कलमाचा उल्लेख करून ईमेल पाठवा. नवे घर मिळेपर्यंतचे दिवस तरी त्यामुळे सुसह्य होतील.

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीला ईमेल पाठवला आणि पुढील आठवड्यापासून मोटार फाटकापर्यंत येईल असे उत्तर आले आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला असून शिक्क्याची प्रत मिळाली. दारूची बाटली हातात घेऊन फाटकाबाहेर बसणारी मुले माझ्या मागे आलेल्यांपैकीच आहेत का, असे तेथील महिला अंमलदारांनी विचारले. ते मला खात्रीने सांगता आले नाही आणि मी तसेच लिहून दिले.

मोटार दारापर्यंत येणार म्हटल्यावर घर सोडावे की नाही याचा आम्ही पुन्हा विचार केला. परंतु मी कामावर असताना आई संध्याकाळपासून एकटी असते, तळमजल्याचे दार उघडेच आहे आणि तिची झोप त्या रात्रीपासून उडाली आहे. म्हणून निर्णय कायम आहे. मालकांना भेटलो. दोनखोल्या यांनी सुचवल्याप्रमाणे मांडणी केल्यावर ते बरेच नरमले, पण आता ते म्हणतात की "तुम्ही चावी देऊन जा, घर भाड्याने गेले की हिशेब करू." हे मान्य करावे का? त्यांचा स्वभाव वाईट वाटला नाही.

दस्तऐवज

स्वभाव चांगला असला तरी असे मान्य करू नये. "घर भाड्याने गेले की" या शब्दांना मुदत नाही; भाडे वाढवून मागितल्यामुळे घर सहा महिने रिकामे राहिले तरी तुमची अनामत अडकून पडेल.

चावी देण्यापूर्वी एका पानाचे पत्र दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तयार करा. त्यात मूळ कराराचा नोंदणी क्रमांक व तारीख लिहावी. करार परस्परसंमतीने अमुक तारखेला संपुष्टात येत आहे, त्या तारखेनंतर लॉक-इनपोटी अमुक इतकी रक्कम सोडून लायसेन्सीकडून काहीही येणे नाही आणि उरलेली अनामत अमुक तारखेपर्यंत बँकखात्यात जमा केली जाईल, असा मजकूर असावा. कपातीचा आकडा आजच ठरवा. मालक एका महिन्यावर तयार असतील तर ३६,००० रुपये अनामत परत येते, आणि घर त्याआधी भाड्याने गेल्यास कपात त्या प्रमाणात कमी होईल असे एक वाक्य घालायला ते बहुधा हरकत घेणार नाहीत. "परिसर असुरक्षित असल्यामुळे" हे शब्द पत्रात घालण्याचा आग्रह धरू नका. ते तुमच्या ईमेलमध्ये आणि पोलीस अर्जात आहेत, तेवढे पुरे.

घर रिकामे झाल्यावर प्रत्येक खोलीचा, नळांचा आणि महावितरणच्या मीटरवरील आकड्याचा फोटो मालकांच्या समक्ष काढा, त्या दिवसापर्यंतचे वीजबिल भरून टाका आणि चावीच्या पावतीवर तारीख व वेळ लिहून घ्या. सोसायटीच्या सचिवांना जागा सोडल्याचे कळवा आणि भाडेकरू म्हणून पोलिसांकडे तुमची माहिती दिलेली असेल तर त्यांनाही एक ओळ लिहा, म्हणजे पुढे त्या पत्त्यावर तुमच्या नावाने कोणी चौकशीला येणार नाही. अनामत परत करताना मालकांनी रोख रक्कम देऊ केली तर घेऊ नका, खात्यातच जमा करायला सांगा.